बूच सरांची पहिली ओळ

७ जानेवारी

मामा,

आधी नमस्कार घ्या आणि मग ओळख पटवून घ्या. मी तुमच्या मावसबहिणीची धाकटी मुलगी. आपली भेट एकदाच झाली. तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि मी तुमचा चष्मा पाण्याच्या पिंपात टाकला होता, असं आई सांगते. तो राग अजून शिल्लक असेल तर पुढचं वाचायच्या आधी पाणी प्या, कारण आज मी त्याहून मोठ्या कामासाठी लिहिते आहे. फोनही केला होता. मामींनी उचलला आणि म्हणाल्या, "त्यांना फोनवर दशांश ऐकू येत नाहीत. पत्रच लिही."

मी द्रवांच्या मिश्रणांवर पीएचडी करते. हे सांगितलं की लोक विषय बदलतात, पण तुम्हाला सांगायला काय संकोच! एक पेला हे आणि एक पेला ते मिसळलं तर दोन पेले भरत नाहीत, किंचित कमी भरतं नाहीतर किंचित जास्त. हे 'जादा घनफळ' मोजायचं आणि ते आधीच सांगता येईल असं गणिती मॉडेल बांधायचं, हे माझं काम. माझे द्रव तुमचेच आहेत, ब्यूटेनॉल आणि सायक्लोहेक्झेन. एकतीस वर्षांपूर्वीचा तुमचा नऊ ओळींचा तक्ता माझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेला आहे. त्यावरचं नाव आईने वाचलं आणि म्हणाली, "अगं, हा तर आपला दादा!"

आता दुखणं सांगते. तुमच्या आठ ओळी माझ्या मोजमापाशी इतक्या जुळतात की बघून भरून येतं. पहिली ओळ मात्र जुळत नाही. शंभर रेणूंत पाच ब्यूटेनॉलचे आणि पंच्याण्णव सायक्लोहेक्झेनचे, ती ओळ. माझी घनता तुमच्यापेक्षा चौथ्या दशांशात तीनने कमी येते. इतर कोणी म्हणेल, एवढंच ना? पण त्या ठिकाणी जादा घनफळ मुळात चिमूटभर, त्यात हा फरक म्हणजे चिमटीतलं अर्धं सांडल्यासारखं आहे.

माझं मॉडेल माझ्या आकड्यातून जातं, तुमच्या नाही. बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला आहे. शेरा असा: "जे मॉडेल त्या पहिल्या ओळीतून जात नाही, ते मॉडेल नव्हे." सुधारून द्यायला तीस एप्रिलपर्यंत मुदत आहे. नाही दिला तर नोंदणी रद्द आणि पाच वर्षं पाण्यात.

तुमची त्या वेळची वही असेल तर पहिल्या ओळीच्या मोजमापाचं पान पाहायला मिळेल का?

तुमची भाची

१६ जानेवारी

भाचीस आशीर्वाद.

चष्म्याचं आठवतं. तो पिंपातून काढायला माझा पूर्ण हात बुडाला होता, बाहीसकट. तेव्हाच मी म्हटलं होतं, ही मुलगी द्रवांमध्ये काहीतरी करणार.

पहिल्या ओळीबद्दल म्हणशील तर तिच्यावर आजवर दोन-तीनशे लोकांनी आपापली मॉडेलं घासून पाहिली आहेत आणि सगळी तिच्यातून सुतासारखी सरळ गेली आहेत. एकट्या तुझंच जात नसेल तर नाचता येईना, अंगण वाकडं, असं म्हणायची वेळ येईल. म्हणत नाही, कारण तू नात्यातली.

तुझ्या बाटलीचं बूच तपास. सायक्लोहेक्झेन हे घाईत असलेल्या पाहुण्यासारखं असतं, दार जरा किलकिलं दिसलं की निघालं. बूच एक केसभर सैल असेल तर घनता मोजायची कुपी भरेपर्यंत तुझ्या मिश्रणाचं प्रमाण बदललेलं असतं. मी आयुष्यभर दर वर्षीच्या पहिल्या तासाला बुचावर व्याख्यान दिलं आहे. शेऱ्याच्या भाषेवरूनच ओळखलं, तुझा परीक्षक माझाच विद्यार्थी. तोही माझ्या व्याख्यानातून शिकला. मुलगा सोनं आहे. त्याने शेरा लिहिला असेल तर विचार करून लिहिला असेल.

वही शोधतो. माळ्यावर असावी.

मामा

ता. क. मामीकडून: कॉलेजात यांना 'बूच सर' म्हणत, हे तुला सांगायचं यांच्याकडून राहिलं. तुझं पत्र आल्यापासून हे तीनदा माळ्यावर चढले. वही टेबलाच्या वरच्या खणात आहे, हे यांनाही माहीत आहे. काय चाललंय कोण जाणे. तुझ्या आईला सांग, गुडघे कसे आहेत ते कळव.

४ फेब्रुवारी

मामा,

बूच तपासलं. नवीन चार बुचं घासून घेतली, बाटली उलटी टांगून रात्रभर ठेवली आणि सकाळी तोलली. वजन तसूभर हललं नाही. मग पहिली ओळ पुन्हा मोजली. आकडा तोच.

माझे गाइड सर म्हणाले की ब्यूटेनॉलमध्ये पाणी शिरलं असेल. पाणी काढलं, दोनदा काढलं. आकडा तोच.

तुम्ही 'सरळ गेली' म्हणता, त्यावर एक विचार आला आहे, रागावू नका. ब्यूटेनॉलचे रेणू एकमेकांचे हात धरून साखळीत उभे असतात. त्यातले पाचच जण सायक्लोहेक्झेनच्या भरगर्दीत ढकलले की साखळी तुटते, जो तो एकटा पडतो आणि एकटा माणूस जागा जास्त अडवतो. म्हणून त्या टोकाला जादा घनफळ झपकन चढलं पाहिजे. माझं मॉडेल साखळी तुटल्याचं मोजतं, म्हणून ते चढतं. जुनी सूत्रं साखळीबिखळी जाणत नाहीत, ती नऊ ठिपक्यांतून एक गुळगुळीत रेघ ओढतात आणि तिथे हळूहळू चढतात. आणि तुमची पहिली ओळ नेमकी त्या गुळगुळीत रेघेवर बसते! असं का, हे मला कळत नाही.

वही सापडली का? मामी म्हणतात की खणात पाहा.

आईचे गुडघे ठीक आहेत, जिभेला तर काहीच झालेलं नाही.

भाची

१३ फेब्रुवारी

भाचीस,

मामीला पत्राच्या तळाशी जागा द्यायची नाही असं यापुढे ठरवलं आहे. म्हणून हे पत्र कागदाच्या अगदी कडेपर्यंत लिहितो आहे.

तुझ्या साखळीच्या गोष्टी छान आहेत. पण आधी मोजमाप, मग गोष्टी. पाण्याचं भांडं पंचवीस अंशांवर ठेवलं असशील, पण काठाशी पंचवीस आणि मध्ये पंचवीस यांत फरक असतो. ढवळणारा पंखा चालू होता का? तराजू दाराजवळ आहे का? कुपी उघड्या हाताने धरलीस का? तू वाकून वाचतेस तेव्हा श्वास कुठे सोडतेस? आमच्या वेळी आम्ही श्वास रोखून वाचायचो. आमचा एक सहकारी अशा वाचनात चक्कर येऊन पडला, पण कुपी त्याने सोडली नाही.

वही माळ्यावर नाही. कसरीने खाल्ली असावी.

मामा

ता. क. याच कागदाच्या मागे, मामी: हे मागची बाजू विसरतात. कसर वहीला लागलेली नाही, मी कालच पुसून ठेवली. उघडून पाहणार होते, तर हे ओरडले. यांना मी चाळीस वर्षांत दोनदा ओरडताना ऐकलं आहे. पोरी, यांना जरा सांभाळून विचार.

५ मार्च

मामा,

पंखा चालू होता. तराजू दारापासून वीस पावलांवर, दगडी ओट्यावर आहे. कुपी चिमट्याने धरली. श्वास रोखला. प्रयोगशाळेतली मैत्रीण घड्याळ घेऊन उभी होती, मी निळी पडायला लागले की पाठीत धपाटा घालायची. पहिली ओळ आजवर एकवीस वेळा मोजली. एकवीस वेळा तोच आकडा. साप म्हणून भुई धोपटणं याला म्हणतात ते आता मला कळलं.

आता खरं सांगते, कारण माझं धाबं दणाणलं आहे. आमचे सर चांगले आहेत, पण त्यांना निवृत्तीच्या आधी मला मोकळं करायचं आहे. ते काल म्हणाले, "मॉडेलमध्ये आणखी एक स्थिरांक घाल. कुठल्याही रेघेला पुरेसे स्थिरांक दिले की ती म्हणशील त्या ठिपक्यातून जाते." मी घातला. रेघ तुमच्या पहिल्या ओळीतून गेली, आणि तिथून पुढे तिने असं उंटासारखं कुबड काढलं की पंधरा टक्क्यांवर जे मिश्रण मी स्वतः मोजलं आहे, तिथे ती भलतंच सांगायला लागली. म्हणून आणखी एक स्थिरांक घातला. कुबड दुसरीकडे गेलं. आता माझ्याकडे असं मॉडेल आहे जे परीक्षकांना आवडेल आणि ज्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

ते पान छापून टेबलावर ठेवलं आहे. सही केली की मी डॉक्टर. पाच वर्षांनंतर आई लोकांना सांगू शकेल. मी सही केलेली नाही, पण करणार नाही असंही छातीठोक सांगता येत नाही. मला खूप भीती वाटते.

म्हणून एकच विचारते. मी सांभाळून विचारायचा प्रयत्न केला, पण मला ते जमत नाही. मामा, ती ओळ तुम्ही मोजली होती का?

भाची

२३ मार्च

चि. पोरीला,

ही मी, मामी, पूर्ण पत्र लिहिते आहे, त्यामुळे हात अवघडला आहे. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. यांची तब्येत बरी आहे. जेवतात, फिरायला जातात, पण लक्ष ठिकाणावर नाही. परवा कुणी शेजारी विचारायला आले, "सर, बरे आहात ना?" तर म्हणाले, "मोजावं लागेल." खणातली वही यांच्या उशाखाली आहे. पत्र लिहितात आणि फाडतात. टोपलीतल्या तुकड्यांवरून मी एवढंच जुळवलं की सगळ्यांची सुरुवात 'नाही' अशी आहे. थांब जरा.

मामी

२९ मार्च

भाचीस,

नाही. मोजली नव्हती.

हे तीन शब्द लिहायला मला एकतीस वर्षं आणि तीन आठवडे लागले. आता पुढचं लिहिणं सोपं आहे.

सायक्लोहेक्झेन मी स्वतः चौदा दिवस शुद्ध करून अर्धा लिटर जमवलं होतं. प्रयोगशाळेत कुणावर विश्वास नव्हता, म्हणून बाटली घरी आणून कपड्यांच्या कपाटात, तळाच्या फळीवर ठेवली. लागेल तसं थोडं थोडं नेत असे. आठ मिश्रणं झाली. पहिल्या ओळीला सायक्लोहेक्झेन सगळ्यात जास्त लागतं, म्हणून ती शेवटी ठेवली होती. त्या दिवशी कपाट उघडलं तर बाटलीत चमचाभर उरलेलं. बूच सैल राहिलं असणार, उडून गेलं. लेख दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता. त्याच आठवड्यात कॉलेजच्या नोकरीची मुलाखत होती आणि लेखाशिवाय तिथे जाण्यात अर्थ नव्हता.

मी आठ ओळींना तीन स्थिरांकांचं सूत्र बसवलं, त्यातून पहिल्या ओळीचा आकडा काढला आणि तक्त्यात लिहिला. नंतर मोजून दुरुस्त करू, असं मनाशी म्हटलं. मग नोकरी लागली, लेख छापून आला आणि पहिली पत्रं आली ती त्याच ओळीचं कौतुक करणारी. "आमचं सूत्र तुमच्या पहिल्या ओळीतून किती अचूक जातं!" जाणारच. ती ओळ सूत्राच्याच पोटची होती. लेकरू आईसारखं दिसतं म्हणून दोनशे लोकांनी माझं अभिनंदन केलं आणि मी ते घेतलं.

तुला बूच, पंखा, श्वास यांच्या मागे पळवलं. चोराच्या उलट्या बोंबा. मला तुझी लाज वाटते आहे, भाचे. म्हणजे तुझ्यापुढे माझी.

मी परीक्षकाला खाजगीत दोन ओळी लिहितो. काम होऊन जाईल.

मामा

२९ मार्च, दुपारी

पोरी,

यांचं पत्र मी टाकायला नेलं आणि वाटेत वाचलं. पाकीट पुन्हा चिकटवलं आहे, ओळखू येणार नाही. आता मला घाम फुटला आहे.

मुलाखतीच्या आधी यांच्या एकुलत्या एका कोटावर पंपाचं तेल सांडलं होतं, छातीवरच, तळहाताएवढं. साबणाने जाईना. कपाटात कोट ठेवायला गेले तर तळाशी बाटली दिसली. जरासं लावून पाहिलं तर डाग हलला. लावलं की वाळायचं, वाळलं की पुन्हा लावायचं. असं करता करता बाटली जवळजवळ संपली. मला वाटलं, असेल काही धुण्याचं. संध्याकाळी हे कपाटापुढे डोकं धरून बसले आणि "बूच, बूच" म्हणायला लागले, तेव्हा मला कळलं. उद्या सांगू म्हटलं. पण हे इतके बुचावर रागावले होते की माझी हिंमतच झाली नाही. मग यांनी त्यावर व्याख्यानं सुरू केली. दर वर्षी नवीन पोरं, दर वर्षी बूच. किती वेळा ओठांवर आलं होतं!

सांगू का यांना? की या वयात नको?

मामी

५ एप्रिल

मामा आणि मामी,

हे पत्र दोघांना मिळून आहे.

मामी, सांगून टाका. हे पत्र मामांच्या हातात पडण्याआधी सांगाल तर बरं.

मामा, तुमचं पत्र वाचून मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले, मग हसले. मैत्रिणीला वाटलं की श्वास रोखून डोक्यावर परिणाम झाला. तुमचा राग आला का? आला. चार महिने मी स्वतःला मूर्ख समजत होते. पण तुम्ही 'नाही' लिहिलंत, त्यामुळे जीव भांड्यात पडला. सहीसाठी टेबलावर छापून ठेवलेलं ते पान मी फाडलं.

खाजगीत दोन ओळी मात्र नकोत. मी एकटी सुटेन आणि भिंतीवर तक्ता तसाच राहील. पुढच्या वर्षी आणखी कुणीतरी पंचवीस अंशांवर बसून स्वतःला शिव्या देईल. दुरुस्ती छापायला द्या, जिथे तक्ता छापला होता तिथेच. हे मागताना मला अवघड वाटतंय. तुमचं नाव आहे, तुमचा विद्यार्थी आहे. तरी मागते.

भाची

१४ एप्रिल

भाचीस,

सांगितलं तिने. भांडी घासता घासता, पाठ करून. मी म्हटलं, "सगळी बाटली?" ती म्हणाली, "डाग मोठा होता."

मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी बुचावर व्याख्यान दिलं. सैल बुचातून किती दिवसांत किती द्रव उडतो, याचं गणित मी फळ्यावर करून दाखवत असे आणि उत्तर दर वर्षी बरोबर येत असे. शेकडो पोरांनी ते उतरवून घेतलं. आणि बूच बिचारं घट्ट होतं! मग विचारलं, "डाग गेला होता का?" ती म्हणाली, "अगदी. तुम्हाला दिसला होता का मुलाखतीत?" नव्हता दिसला. तिचं ठाम मत आहे की ती नोकरी कोटामुळे मिळाली, लेखामुळे नाही. मुलाखतीत लेखाबद्दल कुणी चकार शब्द विचारला नव्हता, हे मला आता आठवलं.

दुरुस्ती पाठवली. माझा पहिला खर्डा सात पानांचा होता, त्यात मुद्दा सहाव्या पानावर. मामीने कात्री लावून दोन वाक्यं ठेवली: "पहिल्या ओळीतला आकडा मोजलेला नव्हता, मी तो इतर आठ ओळींवरून काढला होता. तो वापरू नये." खाली सही. कोटाचा उल्लेख मी टाळला, त्याबद्दल ती नाराज आहे. प्रत परीक्षकाला पाठवली. त्याचं उत्तर नाही. एरवी तो उलट टपालाने लिहितो. तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही तर मला फार वाईट वाटेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मामा

११ जून

मामा, मामी,

झालं! झाले मी डॉक्टर. आई गुडघे विसरून शेजारच्या चार मजल्यांवर सांगून आली.

प्रबंध माझ्याच आकड्यासकट, तुमची दुरुस्ती जोडून, मुदतीत दिला होता. आता तोंडी परीक्षेचं सविस्तर लिहिते, कारण ते तुम्हाला कळायला हवं. परीक्षक आले ते दुरुस्तीची प्रत हातात घेऊन. दीड तास साखळ्यांवर उलटसुलट विचारलं, एकही प्रश्न सोपा नव्हता. मग खोलीतल्या बाकीच्यांना बाहेर चहाला पाठवलं आणि मला म्हणाले, "पहिली ओळ किती वेळा मोजलीस?"

म्हटलं, "एकवीस."

ते म्हणाले, "मी सहा वेळा मोजली होती. दुसऱ्या वर्षाला असताना. मला तुझाच आकडा आला होता."

मग तेच म्हणाले, "सरांचा वेगळा होता. मग माझा बरोबर कसा असेल? सर आणि चूक? मी माझं पान फाडलं आणि सरांचा आकडा उतरवला. त्यावर मला सुवर्णपदक मिळालं. तुझा प्रबंध मी परत पाठवला तो सरांच्या आकड्यासाठी नाही. तू खरी असशील तर मी कोण, हे मला बघायचं नव्हतं."

मग चष्मा पुसला आणि सही केली. तुम्हाला पत्र लिहायचं आहे म्हणाले, पण सुरुवात सुचत नाही. तेही बहुधा फाडत असतील.

तुमची भाची, डॉक्टर

६ जुलै

डॉक्टर भाचीस अनेक आशीर्वाद.

त्याचं पत्र आलं. चार पानांचं आहे, आम्ही दोघांनी मिळून वाचलं आणि दोघेही रडलो. पुढच्या महिन्यात तो राहायला येतो आहे.

पण असं झालेला तो एकटा नाही. दुरुस्ती छापून आल्यापासून माझ्याकडे चौदा पत्रं आली. कुठून कुठून. काही ओळखीचे, बरेच अनोळखी. मला वाटलं, शिव्या असतील. नाहीत. सगळ्यांचं एकच म्हणणं: आम्हालाही तुमच्यापेक्षा कमी आकडा आला होता, आम्हाला वाटलं आमचंच चुकलं. एकाने त्यापायी तराजू बदलला. एकाने मदतनिसाला काढून टाकलं. मी रोज एकाला उत्तर लिहितो. तेरा झाली.

चौदावं पत्र एका बाईंचं आहे. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी ती ओळ वर्षभर मोजली. त्यांच्या गाइडने सांगितलं, तुझ्या हातात कसब नाही, हे काम तुझं नव्हे. त्यांनी सोडून दिलं. आता शाळेत शिकवतात. पत्रात तक्रार एका अक्षराची नाही. फक्त विचारलं आहे, "दुरुस्ती वाचली. म्हणजे माझे हात ठीक होते का?"

तीन दिवस उत्तर लिहायला बसलो. एकही खर्डा टिकला नाही. काल मामीने पेन काढून घेतलं आणि म्हणाली, "हे टपालाने पाठवायचं नसतं. जाऊन या." सकाळच्या गाडीने निघतो आहे. नऊ तासांचा प्रवास आहे. माझी जुनी वही बरोबर घेतली आहे, पहिल्या ओळीचं पान कोरंच आहे. त्यांना म्हणणार आहे, तुमचा आकडा आठवत असेल तर तुमच्या हाताने इथे लिहा.

मामा